मालक, घरची आणि पावणं

आमच्या फाउंड्रीत एकच खोली थंड होती, आणि तिच्यात जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. त्या खोलीत बाई बसायच्या. अंगात तपकिरी लोकरीचा स्वेटर, वैशाखातसुद्धा. बाहेर भट्टीपाशी माणसं बनियन पिळून परत अंगात घालायची, आणि बाई मधूनच छापील कागदांची गुंडाळी घेऊन, तो स्वेटर तसाच अंगात ठेवून त्या धगीत येऊन उभ्या राहायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "काढ-घाल कोण करत बसतंय? घाम काय, येतोय नि जातोय."

आमच्याकडच्या बायका 'मी येते, मी जाते' असं म्हणत नाहीत. 'मी येतो, मी जातो' म्हणतात. बाई एम.एस्सी. झालेल्या होत्या, वेळ पडली तर पुणेरी थाटाचं मराठी बोलून दाखवायच्या, पण त्यांची खरी बोली हीच. त्या मोठ्यानं बोलायच्या. थंड खोलीचं दार बंद असलं तरी त्यांचं बोलणं लॅबपर्यंत यायचं. मी लॅबमध्ये केमिस्ट होतो, त्यामुळे माझ्याबद्दल त्या काय बोलतात हे मला कुणी येऊन सांगावं लागत नसे.

ऐंशी साल उलटल्यानंतरची ही हकिकत. आमचे मालक म्हणजे एका पत्र्याच्या शेडात ऑइल इंजिनाचे भाग ओतता ओतता वर आलेला माणूस. पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांनी कॉम्प्युटर बघितला आणि आपल्याकडं हवाच म्हणून घेऊन आले. त्या थंड खोलीत ठेवलेली कपाटाएवढी एक पेटी, आणि तिच्यापासून केबल टाकून निरनिराळ्या खात्यांत ठेवलेले हिरव्या अक्षरांचे पडदे. पेटीत युनिक्स नावाची व्यवस्था होती. सगळ्या खात्यांची माणसं एकाच वेळी त्या एका पेटीवर काम करू शकत, हीच तिची कमाल, आणि हाच तिचा घोर. कुणाचं कुणीही पुसून टाकलं तर?

पेटी आली, पण चालवणार कोण? मालकांनी थोरल्या लेकीला विचारलं, "तुला भेटलेलं सगळ्यात कडक माणूस कोण?" ती म्हणाली, "शाळेतल्या गणिताच्या बाई." तेवढ्यावर मालक मंगळवार पेठेत बाईंच्या भाड्याच्या खोलीवर गेले. बाई मूळच्या मलकापूरच्या, एकट्याच राहायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन बिघडलं तर मी शिकून दुरुस्त करीन. माणसं बिघडली तर?" मालक म्हणाले, "त्ये बी तुमीच बगा." बाईंनी शाळा सोडली, पुण्याला जाऊन शिकून आल्या आणि आमच्याकडं रुजू झाल्या. 'बाई' हे नाव मात्र शाळेतून सोबत आलं ते गेलं नाही. भट्टीवरच्या गड्यांपासून मालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या बाईच.

त्या लूनावरून यायच्या आणि डोक्यावर पिवळी प्लॅस्टिकची टोपी असायची, भट्टीवरची माणसं घालतात ती. स्टोअरमधून रीतसर सही करून घेतलेली. त्या काळात कोल्हापुरात दुचाकीवर डोकं झाकणारं माणूस विरळा, त्यात ही पिवळी टोपी नि खाली नऊवारीसारखी घट्ट आवळलेली पाचवारी. रंकाळ्यावर पोरं मागून ओरडायची, "बाई, भट्टी कुठाय?" बाई लूना थांबवून पत्ता सांगायच्या. "पुणे रस्त्याला चला, डाव्या हाताला धुरांडं दिसंल. काम पायजे का?" पोरं पळून जायची.

रविवारी कुस्त्या असल्या की खासबागेच्या मैदानात बाई हजर. त्या गर्दीत बायका जवळपास नसायच्याच. बाई छत्री घेऊन दगडी पायरीवर ठरलेल्या जागी बसायच्या आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कोण हरणार ते आधीच सांगून त्याची मजा घालवायच्या.

माणसांना त्या नावानं हाक मारत नसत. मी 'लॅब', स्टोअरकीपर 'स्टोअर', माल पाठवणारे 'डिस्पॅच'. "लॅब, इकडं या." मला सुरुवातीला राग यायचा. मी एकदा म्हणालो, "बाई, मला नाव आहे." त्या म्हणाल्या, "नाव मशीनला ठाऊक हाय की. मला तुमचा गट ठाऊक असला तरी बास."

गट म्हणजे काय ते त्यांनी पहिल्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्या खातेप्रमुखांना बसवून सांगितलं होतं. शाळेतल्यासारखंच, खडूनं, कँटीनच्या भिंतीवर.

"ह्या पेटीत जी फाइल असती तिचं तिघांशी नातं असतं. मालक, घरची आणि पावणं. ज्यानं केली त्यो मालक. त्याच्या गटातली ती घरची. बाकी जग सगळं पावणं. आणि फाइलीला करण्यासारख्या गोष्टी तीन. वाचायची, लिहायची, चालवायची. कुणाला काय करू द्यायचं ते आधी ठरवायचं. एकदा ठरलं की मशीन कुणाचं तोंड बगत न्हाय."

पहिल्या बाकावर वर्क्स मॅनेजर बसले होते. ते मालकांचे मेहुणे. माणूस कामाला वाघ. भट्टी अडली की कोट काढून स्वतः खाली उतरायचे, कुणाच्या घरात आजारपण आहे ते त्यांना ठाऊक असायचं. पण सगळीकडं आपला हात असावा ही त्यांची सवय. त्यांनी विचारलं, "आणि मी?"

"तुमी डिस्पॅचमधी घरची. लॅबच्या दारात पावणं."

"बाई, मी वर्क्स मॅनेजर आहे."

"म्हणून तर वाचायला देतोय. पावण्याला च्या मिळतो की. चुलीपाशी न्हाय बसवत."

कँटीनमध्ये कुणी हसलं नाही, कारण मॅनेजर हसले नव्हते. मग मागच्या बाकावर बसलेले मालक हसले आणि सगळे हसले.

स्टोअरची वेगळीच तऱ्हा. तिथले पाचहीजण एकच पासवर्ड वापरायचे आणि तो खडूनं पडद्याच्या वर पत्र्यावर लिहिलेला असायचा. बाईंनी पाचांना थंड खोलीत अनवाणी उभं केलं. म्हणाल्या, "प्रत्येकानं आपापला ठेवायचा. देवाचं नाव चालणार न्हाय. पैलवानाचं चालणार न्हाय. बायकोचं, पोरांचं न्हाय."

स्टोअरकीपर काकुळतीला आले. "मग उरलं काय, बाई?"

"सासूचं ठेवा. ते कुणी आपणहून तोंडात घेत न्हाय."

त्यांतल्या किती जणांनी खरंच ठेवलं ते कळायला मार्ग नव्हता, पण पुढं बरेच दिवस स्टोअरमधली माणसं पडद्यापुढं बसली की एकमेकांकडं बघून हसायची.

मला बाईंची किंमत कळली ती मी आजारी पडलो तेव्हा. विषमज्वर झाला आणि गारगोटीला आईकडं जाऊन पडलो. माझ्या माघारी लॅबमध्ये मुल्लाणी होते. वयानं माझ्यापेक्षा मोठे, ताण देऊन धातूचा बार तोडायचं मशीन तेच चालवायचे. शहरातलं त्यांचं घराणं जुनं, वडील तांबट आळीशेजारी कल्हईचं दुकान चालवत. आम्ही रोजच्या ओतकामातून एक नमुन्याचा बार काढायचो, तो तोडून बघायचो आणि निकाल कॉम्प्युटरात घालायचो. पण त्या निकालाच्या फाइली मी केलेल्या, माझ्या नावावरच्या. मुल्लाणींनी लिहायला घेतलं तर मशीन त्यांना लिहू देईना. माल तयार, निकाल तयार, आणि लिहायची सोय नाही. मॅनेजर म्हणाले, "सगळ्यांना सगळं खुलं करा, मिटला प्रश्न." बाई म्हणाल्या, "दार अडकतंय म्हणून भिंत पाडत न्हाईत," आणि खोलीचं दार लावून बसल्या.

मी परत आलो तेव्हा त्यांनी मला आणि मुल्लाणींना बोलावलं.

"लॅब, आता ऐका. आतापासनं लॅबच्या डिरेक्टरीत, म्हंजे लॅबच्या कप्प्यात, जी फाइल जन्माला येईल ती लॅबची. तुमी केली काय नि ह्यांनी केली काय. तिला आपोआप लॅबचा गट लागंल, आणि घरच्या सगळ्यांना तिच्यावर लिहिता येईल. आत नवीन डिरेक्टरी केली तरी तिलाबी त्येच. परत परत सांगावं लागणार न्हाय."

मुल्लाणी जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे पोर कुणाचंबी असू द्या, आडनाव घराचं."

"व्हय. पर दुसऱ्याच्या घरातनं उचलून आणलेलं असंल तर त्ये जुनंच आडनाव घेऊन येतं. तसलं आणू नका. इथं नव्यानं लिहा."

मी म्हणालो, "पण बाई, निकाल मी काढतो. फाइल माझी नको का?"

"तुमी आजारी पडाल. लॅबनं पडून चालत न्हाय."

हे वाक्य मला तेव्हा लागलं. नंतर कधीतरी त्याचाच अभिमान वाटू लागला. माझं काम माझ्यावाचून चालेल असं कुणीतरी करून ठेवलंय, ही किती मोठी मोकळीक असते ते आजारपणातून उठलेल्या माणसाला कळतं.

त्या पेटीत एक नाव असं होतं की ज्याला कसलीच आडकाठी नव्हती. मालक, घरची, पावणं हे नियम त्या नावाला लागू नव्हते. पुस्तकात त्याला रूट म्हणतात. बाई त्याला 'थोरलं नाव' म्हणायच्या. ते फक्त त्यांच्याकडं होतं, पण दिवसभर त्या स्वतःच्या साध्या नावानंच काम करायच्या, आणि त्या नावाला लॅबच्या फाइलीत लिहिता येत नसे. थोरल्या नावानं आत शिरायची वेळ आली की बाई खुर्ची मागं सारायच्या आणि उभ्यानं काम उरकायच्या. कमरेत वाकून, एका हातानं पदर धरून. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बसून केलं की माणूस तिथं रमतंय."

आता जे सांगतो ते दसऱ्याच्या तोंडावर घडलं.

पुण्याच्या एका कंपनीला आम्ही ट्रकचे हब द्यायचो. हब म्हणजे चाकाच्या मधला भाग. चाकाचा सगळा भार त्याच्यावर. त्यासाठीचं लोखंड ओतताना वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घालावं लागतं आणि घातल्यावर रसाची बादली, म्हणजे लॅडल, वाटेत रेंगाळून चालत नाही. वेळ गेला की मॅग्नेशियम उडून जातं आणि लोखंड ठिसूळ होतं. वरून मात्र दोन्ही हब सारखेच दिसतात.

त्या दिवशी मुल्लाणींनी बार मशीनला लावला आणि तो ताणायच्या आतच तुटला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. दुसरा लावला, तोही तसाच. मी निकाल लिहिला: नापास.

बाईंनी डिस्पॅचचं काम असं बांधलं होतं की लॅबच्या फाइलीत पास असेल तरच त्या मालाचा दाखला छापून निघे. डिस्पॅचवाल्यांना लॅबची फाइल वाचता येई, तिच्यात लिहिता येत नसे. ट्रक भरून उभा होता, ड्रायव्हर ताडपत्री बांधत होता, आणि दाखला निघेना. थोड्याच वेळात मॅनेजर लॅबमध्ये आले.

"आणखी एक बार तोडा."

तोडला. तसाच.

ते माझ्या टेबलाशी बसले. आवाज चढवला नाही. "हे बघा, पुण्याची लाइन आपल्या हबसाठी थांबलीय. आज माल गेला नाही तर ते दुसऱ्याकडं जातील. दोनशे माणसं आहेत आपल्याकडं, दिवाळी तोंडावर आहे. सगळेच हब काय वाईट नसतील. एक आकडा बदला."

 माझं लग्न नुकतंच झालं होतं आणि दुसरी नोकरी दारात उभी नव्हती. मी मुल्लाणींकडं बघितलं. ते तुटलेल्या बारचे तुकडे कागदात बांधत होते. मी म्हणालो, "साहेब, मी बदलणार नाही."

"मुल्लाणी?"

"मीबी न्हाय, साहेब."

"ठीक आहे. मग मी बदलतो," असं म्हणून ते उठले आणि थंड खोलीकडं निघाले. आम्ही दोघं मागं गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. पण बाईंना एकट्यांना तोंड द्यायला लागू नये असं वाटलं असावं.

मॅनेजरनी बूट काढले. रागातसुद्धा काढले, ही बाईंची जरब. आत जाऊन म्हणाले, "बाई, मला लॅबच्या गटात घ्या. आत्ता."

बाईंनी मान वर केली. आमच्या तिघांचे चेहरे बघून त्यांना काय ते कळलं असणार.

"लॅबच्या गटात यायचं तर लॅबमधी काम करावं लागतं. उद्या सकाळी या. ॲप्रन देतो."

"चेष्टा करू नका."

"करत न्हाय."

मॅनेजरनी तिथूनच मालकांना फोन लावला. "दाजी, जरा कॉम्प्युटरच्या खोलीत येता का? इथं तुमचा माल तुमच्याच मशीननं अडवलाय."

मालक आले. दारात चपला काढताना त्यांना जरा वेळ लागायचा, गुडघे दुखायचे. आम्ही सगळे अनवाणी त्या गार फरशीवर उभे. मॅनेजरनी सगळं सांगितलं, आणि खोटं काही सांगितलं नाही. माल नापास आहे, पण थांबवणं परवडणारं नाही, असंच म्हणाले. मालकांनी ऐकून घेतलं. मग बाईंना म्हणाले, "बाई, असं एक नाव असतंय म्हणं, त्याला काय बी करता येतं."

"व्हय."

"मला द्या त्ये."

मला वाटलं, बाई नाही म्हणणार. मॅनेजरनाही तसंच वाटलं असावं, कारण ते भांडायच्या तयारीनं पुढं सरकले. पण बाई उठल्या, खुर्ची मागं सारली, उभ्यानं काहीतरी टाइप केलं आणि बाजूला झाल्या.

"मशीन तुमचं हाय. या."

मालक पडद्यापुढं उभे राहिले. लॅबची फाइल उघडी होती. बाईंनी बोट ठेवून दाखवलं, "हितं आकडा हाय. हितं नापास लिहिलंय. ह्या कळा दाबल्या की बदलतंय. आमाला सगळ्यांना हे मशीन इचारतं, तुमी कोण, तुमाला अधिकार हाय का. आता तुमाला त्ये काय बी इचारणार न्हाय. जेवढं बांधायचं तेवढं मी बांधलंय. ह्याच्या वर बांधायला काय नसतं. ह्याच्या वर माणूसच."

मालकांनी विचारलं, "बदललं तर कळंल कुणाला?"

"आमाला चौघांना कळंल. आनि ज्याच्या गाडीला हब लागंल त्याला कळंल, पर त्यो सांगायला येणार न्हाय."

 मालकांचा हात कळांवर नव्हता. तो त्यांनी पाठीमागं बांधला होता. ते माझ्याकडं वळले. "बार कुटाय?"

मुल्लाणींनी बगलेतली पुडी सोडली. मालकांनी तुटलेला तुकडा घेतला, खिडकीपाशी गेले, पडदा सारून उन्हात धरला. तुटल्या जागी लोखंड चंदेरी दिसायला हवं होतं. ते काळपट होतं. त्यांनी त्या तोंडावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"लॅडल कुटंतरी थांबली," ते म्हणाले. मग मॅनेजरकडं न बघता, "विलास, गाडी उतरवून घे. समदं परत भट्टीत टाका."

"दाजी, पुण्याला काय सांगायचं?"

"पुण्याला फोन मी करतो. खरं सांगतो."

मग त्यांनी बाईंना सांगितलं, "मला ह्यातनं भाईर काढा." बाईंनी काढलं. दाराशी चपला घालता घालता मालक थांबले आणि म्हणाले, "आनि परत कधी मागितलं तर देऊ नका."

"मागितलं तर देणार," बाई म्हणाल्या. "मशीन तुमचं हाय. मागू नका."

गाडी उतरवली. आदल्या दिवशी घाम गाळून ओतलेलं सगळं फोडून परत वितळवलं. पुण्याच्या कंपनीनं पुढचे काही महिने निम्मा माल दुसऱ्याकडून घेतला. त्या दिवाळीला बोनस कमी निघाला, आणि कारखान्यात बोलणं उठलं की बाईंच्या कॉम्प्युटरनं बोनस खाल्ला. एका दुपारी साचे भरणारा एक गडी कँटीनमध्ये त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "बाई, तुमचं मशीन लई इमानदार हाय म्हणं. आमच्या पोरांच्या कपड्याचं काय?"

बाई भाकरी खात होत्या. त्यांनी त्याला समोर बसायला सांगितलं. म्हणाल्या, "मी मलकापूरची. आमच्या दारावरनं आंबा घाटाला ट्रक जात्यात. रोज. चढणीला लागताना डायव्हर आमच्या विहिरीवर रेडिएटरला पाणी घालून घ्यायची, लहानपणापासनं बगतोय. त्यातली कुठली गाडी परत आली न्हाय, त्ये आमाला कळायचं. तुमचा राग बराबर हाय. पर माझं एवढंच हाय."

तो गडी उठून गेला नाही. बसून राहिला. बाईंनी त्याच्यापुढं चटणी सरकवली.

आणखी वर्षभरानं पुण्याच्या त्या कंपनीचे दोन तपासनीस आले. आमच्या दाखल्यांसोबत गेलेल्या मालाची त्यांनी बरेच महिने आपल्याकडं परत चाचणी करून बघितली होती आणि एकाही दाखल्यात फरक सापडला नव्हता. दाखला कसा निघतो ते त्यांना बघायचं होतं. बाईंनी त्यांना चपला काढायला लावल्या आणि सगळं दाखवलं. कोण लिहितं, कोण वाचतं, कुणाला अडवलं जातं. त्यांच्यातल्या थोरल्यानं मॅनेजरना विचारलं, "म्हणजे तुम्हालासुद्धा हा आकडा बदलता येत नाही?"

आमचे मॅनेजर छाती काढून म्हणाले, "मला? लॅबच्या दारात मी पावणा हाय."

त्यांच्या तोंडी कोल्हापुरी बोली आम्ही पहिल्यांदाच ऐकली. बाई पडद्याकडं वळून बसल्या. पण त्यांचे खांदे हलत होते, तेव्हा हसत असाव्यात.

त्यानंतर पुण्याच्या कंपनीनं आमचा माल परत तपासणं बंद केलं. आमच्या लॅबचा दाखला असला की माल थेट लाइनवर जायचा. कोल्हापुरातल्या कारखान्याच्या कागदावर पुणं डोळे झाकून विश्वास ठेवतंय, ही गोष्ट मी माझ्या सासऱ्यांना सांगितली, मित्रांना सांगितली, आणि रंकाळ्यावर भेळ खाताना शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगितली. मुल्लाणी आणि मी, आम्ही दोघंही त्या दिवसांत जरा ताठ चालायचो. नापास लिहिलेलं नापासच राहतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या 'पास'ला वजन येतं.

बाई आमच्याकडून गेल्या त्या गारगोटीला. तिथं मुलांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघणार होता आणि त्यांना परत शिकवावंसं वाटलं. मालकांनी खूप समजावलं. बाई म्हणाल्या, "पेटीला आता माझी गरज न्हाय. पोरांना हाय."

शेवटच्या दिवशी त्यांनी एक प्रकार केला, तो मी कुठल्याच निरोपसमारंभात बघितला नाही. त्यांच्या जागी एक तरुण इंजिनिअर आला होता. बाईंनी त्याला थोरल्या नावाचा पासवर्ड बदलायला सांगितला आणि तो बदलेपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मग ज्या ज्या गटांत कामापुरतं आपलं नाव होतं त्यांतून ते त्याच्याकडून काढवून घेतलं. इतक्या वर्षांत सगळ्या खात्यांच्या कामाचे प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेले, तेही त्या त्या खात्याच्या नावावर करवून घेतले. त्यांनी प्रत्येक खात्याला आपल्या पडद्यावर बसवलं आणि दारातून मोठ्यानं विचारलं, "स्टोअर, उघडलं का?" "उघडलं, बाई." "डिस्पॅच?" "उघडलं." "लॅब?" मी आमच्या फाइली उघडल्या, मुल्लाणींनी एक ओळ लिहून बघितली. सगळं आमच्या हातात होतं. करणारी निघून चालली तरी तिनं केलेलं काम त्या त्या घराचं होऊन राहिलं होतं.

मग बाई खुर्चीत बसल्या. त्यांचं साधं नाव अजून शिल्लक होतं. त्या नावानं आत शिरून त्यांनी लॅबच्या निकालाच्या फाइलीत एक ओळ लिहून बघितली. आम्ही मागं उभे होतो: मालक, मॅनेजर, मुल्लाणी, मी. पडद्यावर हिरव्या अक्षरांत एकच ओळ आली, परवानगी नाही. त्यांनी स्टोअरच्या फाइलीत लिहून बघितलं. परवानगी नाही. डिस्पॅचच्या. तीच ओळ.

 मॅनेजरनी चष्मा काढून पुसला. मालक म्हणाले, "बाई, समदं तुमी बांधलंसा, आनि आता तुमालाच आत घेत न्हाय."

बाई त्या ओळीकडं बघत होत्या. एखाद्या पोरीनं फळ्यावर अवघड गणित बरोबर सोडवून दाखवावं, तेव्हा त्यांचा चेहरा वर्गात कसा होत असेल ते मला त्या क्षणी दिसलं.

"मग चांगलं बांधलंय की," त्या म्हणाल्या.